नळाच्या दिवशीच तुंबणारी मोरी

जानेवारीतला तिसरा गुरुवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. जठारपेठ, अकोला.

हजर: घरमालकीण गावंडे काकू, त्यांचे यजमान गावंडे काका (रिटायर्ड), वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू तायडे मॅडम (दवाखान्यात स्टाफ नर्स), माझे प्लंबर रफिकभाई, आणि मी.

गैरहजर: काकूंचा मुलगा. तो पुण्याला असतो, पण आम्ही सगळे जमलो होतो ते त्याने पाठवलेल्या नोटिशीमुळे.

स्वयंपाकघरातली मोरी कोरडी होती. काकू तिच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “पानी कुठून येते ते लिहून द्या. मागं दिलं तसंच. फक्त ह्या टायमाले ते ‘बहुधा’ काढून टाका.”

“आधी पाहू तर द्या, काकू.”

“पाहाचं काय त्यात? वरून भदाभदा आवाज येते अन् माह्या मोरीत पानी चढते. आंधळ्यालेबी समजन.”

तायडे मॅडम दारातच उभ्या होत्या. आत या, असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

इथे थोडं मागे जावं लागेल.

मी मूळची चांदूर रेल्वेची. सिव्हिलचा डिप्लोमा करून अमरावतीला एका कॉन्ट्रॅक्टरकडे साइटवर होते. लग्नानंतर अकोल्यात आले आणि घरदुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. गळती, ओल, तुंबलेल्या लाइनी. अमरावतीचीही कामं घेते. रफिकभाई पहिल्यापासून सोबत आहेत. पाइपाला हात लावून त्यांना जे कळतं, ते मला नकाशा पाहूनही कळत नाही. माझ्याकडे फोन, याद्या आणि जॉब स्लिप. जॉब स्लिप म्हणजे कार्बन लावलेल्या पुस्तकातला एक कागद. काय सापडलं, काय केलं, खाली माझी सही. वरचा कागद गिऱ्हाइकाला, कार्बनची कॉपी माझ्याकडे.

या घरी पहिली खेप डिसेंबरच्या सुरुवातीला झाली. तक्रार अशी, की स्वयंपाकघरातल्या मोरीतून पाणी उलटं वर येतं. फोन सकाळी आला, आम्ही पोचलो दुपारी. तोवर पाणी उतरलं होतं. रफिकभाईंनी अंगणातलं चेंबर उघडलं. चेंबर म्हणजे जमिनीत बांधलेला विटांचा चौकोनी खड्डा. घरातल्या सांडपाण्याच्या सगळ्या लाइनी तिथे येतात आणि तिथून एकच पाइप बाहेरच्या नालीला जातो. त्या बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी हातभर निळं कापड अडकलं होतं. ते काढलं. पाणी ओतून पाहिलं, सुरळीत गेलं.

काकूंनी कापड काठीवर उचलून उजेडात धरलं. “आमच्या घरचं नाही हे. वरचं आहे. त्या लोकाईचं असंच असते.”

कोणत्या लोकांचं, हे मी विचारलं नाही. तेव्हाच विचारायला हवं होतं. पण दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फोन वाजत होता. मी स्लिपवर लिहिलं: “चेंबरमधून कापडाचा तुकडा काढला. बहुधा वरून आलेला.” सही केली आणि निघाले.

खरं सांगायचं तर माझाही संशय वरच होता. दुमजली घरात वरचे काहीतरी टाकतात आणि खाली तुंबतं, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय, की वर जाऊन बघायची गरजच वाटली नाही.

दुसरी खेप पंधरा दिवसांनी. तीच तक्रार, आणि आम्ही गेलो तर मोरी पुन्हा कोरडी. रफिकभाईंनी दोन बादल्या ओतल्या. गेल्या. काकू आमच्याकडे अशा पाहत होत्या, जसं काही आम्हीच आत काहीतरी करून ठेवतो आणि मग फोनची वाट पाहत बसतो.

“तुमचं बरं आहे, बापा. येता, पानी ओतता अन् जाता.”

बाहेर गाडीपाशी रफिकभाई म्हणाले, “मॅडम, कुछ तो है अंदर. दो बाल्टी से पता नहीं चलेगा.” मी मान हलवली आणि पुढच्या कामाचा पत्ता काढला.

मग जानेवारीत तायडे मॅडमचा फोन आला. माझा नंबर त्यांना माझ्याच स्लिपवरून मिळाला होता.

“तुमी आमच्या घरात कधी पाय ठेवला का?”

“नाही.”

“मंग वरून आलं, हे कायच्या भरवशावर लिहिलं?”

त्यांनी मोबाइलवर दोन फोटो पाठवले. पहिला नोटिशीचा. वारंवार ड्रेनेज तुंबवून घराचं नुकसान केल्यामुळे महिनाअखेर घर रिकामं करावं. दुसरा, पुरावा म्हणून जोडलेल्या माझ्या स्लिपचा. “वरून आलेला” या शब्दांभोवती लाल पेनानं गोल काढला होता. “बहुधा” गोलाच्या बाहेर राहिलं होतं.

मॅडमची मुलगी बारावीला. परीक्षा महिन्यावर आलेली. यजमान अमरावतीला नोकरीला, शनिवार-रविवारी येतात. परीक्षेच्या तोंडावर सामान घेऊन कुठे जायचं? आणि ‘नाली तुंबवतात म्हणून काढलं’ असं गल्लीत झाल्यावर जवळपास दुसरं घर कोण देणार? हे त्यांनी मला विचारलं. मी विचारलं, “तुंबलं ते कोणकोणत्या दिवशी, सांगता येईल?”

“सांगू कायले? लिहूनच ठेवलं आहे.”

तिसरा फोटो आला, वहीच्या पानाचा. काकूंनी जिन्याखालून आवाज दिला तो प्रत्येक दिवस, वेळ, आणि त्या वेळी वर काय चालू होतं ते. आपल्यावर येणार, हे त्यांनी पहिल्याच भांडणात ओळखलं होतं.

मी तारखा एकाखाली एक उतरवल्या. मधलं अंतर पाच दिवस, मग सहा, पुन्हा पाच. वेळ दर वेळी सकाळी सात ते साडेआठ. अकोल्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. ते सगळे नळाचे दिवस होते.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घरातला प्रत्येक ड्रम, टाकी, पातेलं भरायचं. त्याआधी उरलेलं शिळं पाणी ओतून द्यायचं आणि ड्रम घासायचे. म्हणजे पाच दिवस बादली-बादलीनं जाणारं पाणी त्या एका तासात ड्रमच्या ड्रम मोरीत जातं. आमच्या भागाचा आणि जठारपेठेचा दिवस एकच. त्या सकाळी मी कुणाकडे जात नाही, कारण मी स्वतः ड्रम घासत असते. हे घर तुंबतं तेव्हा कसं दिसतं, हे मी म्हणूनच पाहिलं नव्हतं.

त्या गुरुवारी आमचे ड्रम तसेच ठेवून मी सातला जठारपेठेत होते.

“काकू, दर वेळी करता तसंच करा. आम्ही फक्त पाहतो.”

“म्हंजे माह्यावरच पहारा?”

“सगळ्यांवर.”

रफिकभाई जिलेबीच्या रंगाची पुडी घेऊन वर गेले. पाणी कुठून कुठे जातं हे पाहायची ही साधी रीत आहे. एका टोकाला रंग घालायचा आणि बाकीच्या टोकांवर नजर ठेवायची. तायडे मॅडम त्यांच्या मागे जिना चढताना म्हणाल्या, “फरशीचा डाग जाईन ना? नाही तं तेबी आमच्या नावावर लिहाल.”

“ताई, खाने का रंग है. धुल जाएगा,” रफिकभाई म्हणाले.

वरचे दोन ड्रम, पिवळे करून, एकदम ओतले. बाहेरच्या भिंतीवरचा पाइप भदाभदा वाजला. चेंबरमध्ये त्याच्या तोंडातून पिवळं पाणी आलं आणि सरळ नालीला गेलं. मी काकूंना स्वयंपाकघरात नेलं. मोरीत पिवळा थेंब नव्हता.

“आज कमी टाकलं त्याईनं,” काकू म्हणाल्या. “तुमी आल्या म्हून.”

“दोन ड्रम टाकले. रफिकभाईंनी मोजले. आता तुमचे.”

खाली आलेल्या रफिकभाईंना मोरीपाशी उभं केलं आणि तायडे मॅडमना घेऊन मी मागच्या अंगणात गेले. तिथल्या न्हाणीत गावंडे काका आधीपासून तयार होते. दोन मोठे ड्रम, शेजारी नारळाच्या शेंडीचा बोळा. पहिला ड्रम त्यांनी शिळ्या पाण्यासकट आतून घासूनच ठेवला होता. काकांनी तो तिरपा केला. अर्धा रिकामा होईतो काही झालं नाही. मग स्वयंपाकघरातून रफिकभाईंचा आवाज आला, “मॅडम! चढ रहा है!”

मोरीतून गढूळ पाणी गुळगुळ करत वर येत होतं. वर त्या वेळी कुणी नळालाही हात लावला नव्हता, कारण मुलगी क्लासला गेली होती आणि तायडे मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या.

मी न्हाणीत परत गेले. भोकावरची लोखंडी जाळी काढून भिंतीला टेकवलेली होती.

“काका, जाळी?”

“काढली की पानी लवकर जाते.”

“दर वेळी काढता?”

“नळाच्या दिवशी काढतोच.”

रफिकभाईंनी चेंबरमध्ये वाकून दाखवलं. वरच्या मजल्याची लाइन वेगळी, भिंतीवरून खाली येणारी. न्हाणी आणि स्वयंपाकघराची मोरी फरशीखाली एकत्र होतात आणि त्यांची एक लाइन चेंबरला येते. त्यांनी त्या लाइनीत स्प्रिंग घातली. स्प्रिंग म्हणजे लांब, लवचीक तारेची गुंडाळी. मुठीनं फिरवत आत सारायची. पहिल्या दोन्ही खेपांना आम्ही ती या बाजूला घातलीच नव्हती. आठेक फुटांवर अडली. फिरवून ओढली, तर नारळाच्या शेंड्यांचा गोळा बाहेर आला. ड्रममधल्या पाण्यात फिरवलेल्या तुरटीचा गाळ बसून घट्ट झालेला. त्याच्या फटीतून दोन बादल्या आरामात जात होत्या. ड्रम जात नव्हता.

काकूंनी गोळा पाहिला, मग रफिकभाईंची पिशवी पाहिली. “हे तुमीच संगं आनलं असन.”

रफिकभाई चिडले नाहीत. त्यांनी स्प्रिंगची मूठ काकूंपुढे धरली. “लो काकू, अब तुमीच ओढा.”

काकूंनी पदर खोचला आणि खरंच ओढली. आणखी एक गोळा आला, पहिल्याहून मोठा.

“तीस वर्षं झाले, आमी शेंडीनंच ड्रम घासतो!”

“वोइच तो, काकू. तीस साल का निकल रहा.”

काका जाळी जागेवर बसवत होते. “मले वाटलंच होतं एक-दोनदा,” ते हळूच म्हणाले.

“कधी?” काकूंनी विचारलं.

काका दुसऱ्या ड्रमकडे वळले.

तायडे मॅडम हसल्या नाहीत. त्यांना ड्यूटीवर जायचं होतं, तरी त्या हलल्या नाहीत. “आता लिहा,” म्हणाल्या.

मी लिहिलं. अडथळा तळमजल्याच्या लाइनमध्ये, चेंबरपासून आठ फुटांवर. नारळाच्या शेंड्या आणि गाळ. वरच्या मजल्याची लाइन स्वतंत्र, रंग घालून तपासली, मोकळी. आधीच्या स्लिपवरचं ‘बहुधा वरून आलेला’ हे न तपासता लिहिलं होतं, ते रद्द. ‘न तपासता’ लिहिताना पेन थांबलं होतं. रफिकभाई पाहत होते, म्हणून पुढे गेलं.

मॅडमनी दोनदा वाचलं. “माझी कॉपी?”

कार्बन एकच होता. मी दुसरी स्लिप हातानं लिहायला घेतली.

“तिले काहून देता?” काकू म्हणाल्या. “बोलावलं आमी तुमाले.”

“नोटीस त्यांना आली आहे, काकू. माझी सही लावून.”

दोन दिवसांनी काकूंच्या मुलाचा तायडे मॅडमना मेसेज गेला: नोटीस इग्नोर करा. एवढाच. मुलीनं बारावीचे सगळे पेपर त्याच घरातून दिले. मे महिन्यात तायडे कुटुंब स्वतःहून अमरावतीला गेलं. जूनमध्ये काकूंचा मला फोन आला. मोरी चांगली चालू होती. “कोनी चांगले भाडेकरू असन तं सांगजा,” म्हणाल्या. ते निळं कापड कुणाचं, हे आजही कळलेलं नाही.

आता मी स्लिपवर दिसलं तेवढंच लिहिते. वाटलं ते गिऱ्हाइकालाही सांगत नाही. सांगितलं की तेच लक्षात राहतं.

त्या गुरुवारनंतरच्या रविवारीच मी वर्षभराच्या कार्बन कॉप्या काढून बसले. ‘बहुधा’, ‘वाटते’, ‘शक्यता’ असं जिथे दुसऱ्याच्या घराबद्दल लिहिलं होतं, त्या बाजूला ठेवल्या. अकरा निघाल्या. यादी केली, समोर चौकोन काढले, एकेकाला फोन लावला. आठ जण स्लिप विसरूनही गेले होते. दोघांकडे पुन्हा जाऊन तपासलं आणि नवीन स्लिप दिली.

अकरावी अमरावतीची. वरच्या खोलीत कोचिंगच्या दोन मुली राहायच्या. मी लिहिलं होतं: “केसांचा गुंता, बहुधा मुलींच्या बाथरूमचा.” मी वर गेले नव्हते.

“त्या पोरी तं तवाच काढल्या आमी,” घरमालक फोनवर म्हणाले. “तुमीच लिहून देलं होतं ना.”

“नंबर आहे त्यांचा?”

“नाही बा. तिकडं पार धारणीकडच्या होत्या वाटते.”

दहा चौकोनांत टिक आहे. अकरावा रिकामा आहे.