पदवीचे दहा गुण मीच ठेवले होते

मंडळी, मस्कतहून लिहितेय.

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमसाठी आज मुख्य कोच निवडायचा होता. समितीत डीनसाहेब, क्रीडा विभागाचे सर आणि ऑफिसतर्फे मी.

शेवटी दोन उमेदवार उरले. दोघांनी भर दुपारी मुलांचा सराव घेऊन दाखवला. रमजान चालू आहे. पदव्यांची जाड फाईल घेऊन आलेल्या पहिल्या उमेदवाराने मुलांना सलग पळवलं. एक मुलगा चक्कर येऊन खालीच बसला.

दुसरे रत्नागिरीचे इक्बालभाई. इथल्या वादी कबीर भागातल्या गॅरेजमध्ये काम करतात, तिथल्या कामगारांची टीम तयार करतात. त्यांनी आधी विचारलं, "रोजा कोणाकोणाचा आहे?" बरेच हात वर झाले. "मग पळायचं नाही. सावलीत उभे राहून पास द्या."

तरी इक्बालभाई सहा गुणांनी मागे पडले, कारण पदवीला दहा गुण होते आणि त्यांच्याकडे पदवी नव्हती. ते ठेवायचा आग्रह माझाच! घरातली पहिली पदवीधर मी. पदवीहून मोठं काही असतं, हे मला पटतच नव्हतं.

"यल्ला, चला, सही करा, खलास!" गुणपत्रिका पुढे सरकवत सर म्हणाले. "नियम तुमचाच ना, मॅडम?"

"हो सर. चुकीचा केला."

मी सही केली नाही. मुलाला चक्कर आल्याचं तेवढं गुणपत्रिकेवर लिहिलं. डीनसाहेब उठले. "उद्या सांगतो. कोचचं, आणि तुमचंही."

गेटपाशी इक्बालभाईंनी विचारलं, "ताई, काय झालं?" "उद्या कळेल," मी म्हटलं.

निकाल लागल्यावर नियम चुकीचा म्हणणं हा पहिल्या उमेदवारावर अन्याय आहे का? तुम्ही सही केली असती?