बबनभाऊंचा शेवटचा सेट

बबनभाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक हसले, आणि त्याला कारण मी होतो. ओतूरच्या विहारात सतरंज्या अंथरलेल्या, शंभरेक माणसं बसलेली, वंदना झालेली, दोघं-तिघं चांगलं बोलून गेलेले. मग कुणीतरी मला उभं केलं. मी घरून चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. माईक हातात आल्याबरोबर ती चारही वाक्यं पळाली आणि वर्षभर मनात जे साचलं होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. "मी बबनभाऊंना फसवलं," मी म्हणालो, "गेल्या वर्षी मी नवा चपटा टीव्ही घेतला आणि त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही." आता सगळीकडे शांतता पसरेल असं मला वाटलं. तर मागच्या रांगेत कुणीतरी फिसकलं. मग त्याच्या शेजारचा. बबनभाऊंची मुलगी उज्ज्वला सकाळपासून रडून डोळे सुजवून बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलत होते ते रडण्यानं नव्हे, एवढं मलाही समजलं. माझी बायको मंगल बायकांच्या रांगेत खाली मान घालून सतरंजीचा दोरा उसवत होती. मी कसंबसं "एवढं बोलून..." म्हटलं आणि बसलो.

बबनभाऊ हे आमच्या ओतूरचे टीव्ही दुरुस्त करणारे. एसटी स्टँडजवळच्या बोळात त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक फळी, एक दिवा, आणि उघड्या पोटाच्या सेटांची चळत. मी शाळेत कारकून आहे, पण त्यांच्या लेखी शाळेच्या फाटकातून जो आत जातो तो मास्तर. नव्वदीच्या मध्यावर मंगलनं घरात टीव्ही हवा म्हणून धरलं. पगाराचा विचार करता मला रेडिओच बरा वाटत होता. बबनभाऊंना विचारलं तर त्यांनी मला नव्याच्या दुकानाकडं फिरकूही दिलं नाही. पुण्याच्या कुणा साहेबांनी बदली झाली म्हणून काढलेला एकवीस इंची रंगीत सेट त्यांच्याकडं आला होता. तो दाखवून ते म्हणाले, "मास्तर, ह्यो घ्या. ट्यूब अजून ताजी हाय. तुमाला चित्र बघायचंय का डबा बघायचाय?" मी म्हणालो, चित्र. "मंग झालं तर." पण त्याच माणसानं माझ्या सासुरवाडीला, महाळुंगे पडवळला, सासूबाईंचा सेट उघडून बघितला आणि हात पुसत सांगितलं, "मावशी, ह्याच्यात आता पैसं घालू नका. ट्यूब उतारलीय. मी दुरुस्त करीन, तुमी म्हैन्यानं मला शिव्या द्याल." सासूबाईंना जावयाचा माणूस फुकटात काम करील अशी आशा होती, त्या माझ्यावर रागावल्या ते रागावल्याच. जुनं ते चांगलं असं बबनभाऊंचं मुळीच म्हणणं नव्हतं. जुन्यातलं कुठलं चांगलं, एवढंच त्यांना कळायचं, आणि हातात मोजकं असणाऱ्या माणसाला तेवढंच कळून घ्यायचं असतं.

त्यांची काम करण्याची रीत बघण्यासारखी होती. सेटचं मागचं झाकण काढून ते मागं बसायचे, आणि पुढचं चित्र त्यांना दिसावं म्हणून मी समोर आरसा धरून बसायचो. दाढीचा आरसा. हे काम आमच्या घरी कायम माझ्याकडं, कारण स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात द्यायला मंगल आणि बबनभाऊ दोघांचाही विरोध. "मास्तर, आरसा खाली... अजून खाली... आता मला तुमचं नाक दिसतंय, बातम्या न्हाईत." चित्र आलं की ते पुढं यायचे, बाही सारून हात काचेजवळ न्यायचे आणि काचेवरच्या विजेनं हातावरचे केस उभे राहिले की खूश व्हायचे. पुण्याकडं तोंड करून पाइपावर उभी असलेली आमची अँटेना वाऱ्यानं फिरली की चित्रात मुंग्या यायच्या. मग मी गच्चीवर, मंगल जिन्यात आणि बबनभाऊ टीव्हीसमोर. "गेल्या का?" "ऱ्हावा तसंच." "तसंच म्हणजे कसं?" "मघाशी व्हता तसं, राव."

पण खरी गोष्ट पुढंच. दुरुस्ती झाली की बबनभाऊ उठायचे नाहीत. "गार सेट खोटं बोलतो," ते म्हणायचे, "तापल्याबिगर त्याचं दुखणं कळत न्हाई." म्हणून पुरता एक तास सेट चालू ठेवून त्याच्यासमोर बसायचं, हा त्यांचा नेम. प्रत्येक घरी. चहा व्हायचा, मालिका लागायची, शेंगा फोडल्या जायच्या. सगळ्या मालिका त्यांनी अशा तुकड्या-तुकड्यांनी पाहिल्या. एक भाग आमच्याकडं, पुढचा भाग डिंगोऱ्याला, मधले आठ भाग गायब. मंगलला विचारायचे, "वहिनी, त्या धाकटीचं लगीन झालं का वो?" मंगल सांगायची, "झालं आणि मोडलंही." "कवा? परवा तर हळद लावत व्हत्या." त्यांची बायको लवकर गेली होती आणि उज्ज्वला मंचरला दवाखान्यात नोकरीला लागली होती. त्या एका तासात त्यांना चार माणसांचं घर मिळायचं, हे मला फार उशिरा कळलं. मंगलला पहिल्या दिवशी कळलं असणार, कारण ती चहाच तास संपत आला की टाकायची.

पुढं दिवस बदलले. नवे चपटे सेट आले. ते बिघडले की कंपनीचा पोरगेला माणूस मोटरसायकलवरून यायचा, आतला अख्खा बोर्ड बदलून पाच मिनिटांत जायचा. पाणीसुद्धा घ्यायचा नाही. बबनभाऊंच्या फळीवरची चळत आधी अर्धी झाली, मग भंगारवाल्यानं उरलेली नेली. पैशाची त्यांना तेवढी फिकीर नव्हती. मुलगी कमावती, गरजा थोड्या. पण माणूस वाळत चालला. बोलावणं येईना. संध्याकाळी हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसायचे, आणि मी शाळेतून येताना दिसलो की विचारायचे, "काय मास्तर, सेट काय म्हणतोय?" मी म्हणायचो, बरा आहे. त्यांचा चेहरा पडायचा. आमच्या बाजूचा तेवढा एकच जुना सेट राहिला होता, तो आमचा.

आणि नेमका तेव्हाच मी कच खाल्ली. वेतन आयोगाचा फरक हातात आला, शाळेत जो तो आपल्या चपट्या टीव्हीबद्दल बोलायला लागला, आणि मी एका दुपारी नारायणगावला जाऊन बत्तीस इंची घेऊन आलो. जुना सेट धडधाकट होता. फक्त डाव्या कोपऱ्यात सगळ्या निवेदकांचे कान तांबडे दिसायचे. नवा भिंतीवर लागला, मंगल खूश झाली, आणि मग मला घाम फुटला. आता बबनभाऊंना काय सांगायचं? शेवटचा सेटही गेला असं कळलं तर हा माणूस पिशवी कायमची खुंटीला लावील, आणि मग त्याचं काय होईल ते मला बघवलं नसतं. मी ठरवलं, त्यांना कळूच द्यायचं नाही. नव्यावर मंगलच्या भरतकामाचा पडदा टाकला. जुना पूर्वीच्याच जागी ठेवला. आणि महिन्याकाठी एकदा, पायात रबरी चपला घालून, जीव मुठीत धरून, मी त्याच्या मागची एखादी तार सैल करायचो आणि बबनभाऊंना निरोप धाडायचो.

ते यायचे. मी आरसा धरायचो. ते मागं बसून गंभीरपणे "हं... हं..." करायचे. पहिल्याच खेपेला त्यांची नजर पडद्याकडं गेली. "वहिनी, तिथं खिडकी काढली का काय?"

मंगलच्या आधी मीच घाईनं बोललो, "ओल आली आहे भिंतीला. दिसायला बरं नाही म्हणून झाकलंय."

बबनभाऊंनी बराच वेळ पाहिलं. "ओल लई सरळ कडंची आलीय," ते म्हणाले, आणि पुन्हा झाकणाआड गेले. एकदा तर मी नव्याचं मेन बटण बंद करायला विसरलो आणि पडद्यातून त्याचा तांबडा दिवा तासभर लुकलुकत राहिला. ते त्याच्याकडं बघून शेंगा खात राहिले. मी मनात म्हटलं, वय झालं, नजर अधू झाली बिचाऱ्यांची. हुशारी कशाला म्हणतात ते माझ्याकडून शिकावं असं त्या दिवसांत मला प्रामाणिकपणे वाटत असे. आठ-दहा खेपा झाल्या असतील. पायरीवर बसलेले बबनभाऊ आता मला विचारायचे, "काय म्हणतोय?" आणि मी कपाळाला आठ्या घालून सांगायचो, "पुन्हा आवाज जातोय हो." "जाणारच. ह्या दिवसांत जातोच. येतो उद्या." असं म्हणून उठताना त्यांचे गुडघे दुखलेले मी पाहिले नाहीत.

पाच आठवड्यांपूर्वी सकाळी उज्ज्वलाचा फोन आला. झोपेतच गेले. चहा घ्यायला उठले नाहीत म्हणून शेजारच्यांनी हाक मारली, तेव्हा कळलं. मी फोन ठेवला आणि मला पहिलं आठवलं ते हे, की आदल्या दिवशी मी सेटची तार सैल करून ठेवली होती आणि ते दुपारी येणार होते.

तर विहारातून लोक बाहेर पडले तेव्हा मी चपला शोधायच्या निमित्तानं मागं राहिलो. उज्ज्वला जवळ आली. "काका, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली, "हसू आवरलं न्हाई. आख्ख्या बोळाला माहीत होतं."

"बबनभाऊंना?"

"त्यांना पहिल्या दिवसापासून. अवो, तुम्ही टीव्ही झाकला, पण गच्चीवरची डिशची छत्री कुठं झाकली? दुकानाच्या पायरीवरून सरळ दिसते."

खरंच दिसते. मी परतताना पायरीवर उभा राहून पाहिली. पांढरी, गोल, टम्म. दहा महिने मी त्या छत्रीखाली राहून गुपित सांभाळत होतो. पण मला दुसरंच टोचत होतं. माहीत होतं, तर हा माणूस येत का राहिला? मुद्दाम काढलेली तार शोधायला तास-तास मागं बसून "हं... हं..." का करत राहिला? माझी कीव आली म्हणून? की मी त्यांची कीव करतो हे त्यांना कळलं होतं, आणि ते गिळून ते येत होते? हे दुसरं खरं असेल तर मी त्यांचं फार वाईट केलं होतं, आणि आता ते विचारायलाही माणूस नव्हता.

घरी आल्यावर मी हे सगळं मंगलपुढं मांडलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तसलं काही नाही. चौथ्या खेपेला तुम्ही शेंगा आणायला आत गेलात ना, तेव्हाच मी त्यांची माफी मागितली होती. हसले. म्हणाले, 'वहिनी, मास्तरांना बोलू नका. दर बारीला येगळी तार काढत्यात. मला हुडकायला लई बरं वाटतंय.'" मग तिनं निवडलेली भाजी एका बाजूला सारली. "दिवाळीच्या गडबडीत तुम्ही तार काढायची विसरलात. ते दोनदा दारावरून गेले. मग मीच काढली."