कोरड्या फळ्यांची लाँच

अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या आमच्या शेडमध्ये लाकडी बोटी दुरुस्त व्हायच्या, म्हणजे यायच्या तेव्हा. शेवटी शेवटी येतच नव्हत्या. आजूबाजूला सगळे लोखंड कापणारे, वेल्डिंग करणारे, आणि मधोमध आम्ही दोघे भाऊ रंधा मारत बसलेले. दादा मिस्त्री, मी त्याच्या हाताखाली. मालकाला सगळे अरबाब म्हणत. त्याने एक दिवस सरळ सांगून टाकलं की शेड बंद करून जागा कंटेनरवाल्याला देणार. मला कुठेही काम मिळालं असतं, दादाला नाही. वय झालेलं, गुडघे गेलेले. व्हिसा कॅन्सल झाला की थेट गुहागर, आणि तिथे फायबरच्या होड्या आल्यापासून होडीच्या सुताराला कुत्रंही विचारत नव्हतं.

एकच आशा होती. थंडीत अबुधाबीच्या किनाऱ्यावर जुन्या लाकडी लाँचींचा मेळावा भरणार होता. अरबाबच्या वडिलांची एक लाँच शेडमध्ये कित्येक वर्षं पडून होती. ती नव्यासारखी करायची आणि कालव्यातून, तिच्याच इंजिनावर, मेळाव्यात न्यायची. ती बघून चार लाँचवाल्यांनी आपल्या बोटी आमच्याकडे दिल्या तर शेड चालू राहील, असं अरबाब म्हणाला होता. दादा त्या कामाला असा जुंपला की जेवायलासुद्धा दहादा हाका माराव्या लागत.

अख्खा उन्हाळा लाँच पत्र्याखाली भाजत होती. मेळाव्याच्या आधी काही दिवस अरबाब आला आणि चमकणाऱ्या रंगावरून हात फिरवत म्हणाला, "मिस्त्री, अभी पानी में डालेगा? मेरा बाबा पहले से डालता था."

दादा हसला. आमच्याकडे पावसाळाभर होड्या वर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला, होडी लोटली, की पुढच्या भरतीला जाळी घेऊन निघायचं. "रंग खराब होगा, अरबाब. उसी दिन डालेंगे," दादा म्हणाला. मलाही ते बरोबरच वाटलं. वाळवंटातला माणूस आम्हा खारव्यांना पाणी शिकवतोय, म्हणून मी मनातल्या मनात त्याची टरही उडवली. कोकणातल्या पावसात वर ओढलेली होडी मुळात सुकतच नाही, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मेळाव्याच्या सकाळी क्रेनने लाँच कालव्यात उतरवली. दादाने सुपरमार्केटमधून आणलेला नारळ पाण्यात सोडला, हात जोडले. अरबाब गाडीने पुढे गेला. आम्ही निघालो तेव्हा दोन्ही काठांवरचे कामगार हात हलवत होते, आणि सुकाणू धरून बसलेला दादा नवरदेवासारखा ताठ दिसत होता.

पहिल्या वळणावर माझ्या पायाला ओल लागली. मी पायाखालची फळी उचलून बघितलं, तर पाणी एका जागेहून येत नव्हतं. प्रत्येक सांधा पाझरत होता. लाकूड इतकं आक्रसलं होतं की आम्ही ठासलेला तेलाचा कापूस फटींतून बोटाने निघत होता. पंप लावला. थोडा वेळ चालला आणि शेडमधला भुसा अडकून बंद पडला. मग बादली.

मी म्हटलं, दादा, परत फिरव. त्याने ऐकलं नाही. मी ओरडलो, नको ते बोललो, त्याच्या अकलेपासून गुडघ्यांपर्यंत सगळं काढलं. त्याने अंगातला शर्ट काढला, फाडला आणि एका हाताने फटींत कोंबू लागला. माझे खांदे भरून आले होते. जेवढं उपसावं तेवढं पाणी पुन्हा हजर. मला भीती बुडण्याची नव्हती. त्याचं तोंड बघवत नव्हतं.

कालवा संपतो तिथून मेळाव्याचे झेंडे दिसले. ढोल ऐकू येत होते. त्याच वेळी पाणी इंजिनापर्यंत पोहोचलं. दोन आचके देऊन ते थांबलं, आणि लाँच वाहत वाहत काठाच्या चिखलात टेकली. टेकल्यावर दादाने माझ्या हातातून बादली घेतली, आणि उपसायचं थांबवेना.

"दादा, बस कर. रुतलीय ती."

"कमी होतंय रे. बघ, कमी होतंय."

काही कमी होत नव्हतं. अरबाब आला, काठावर उभा राहिला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. "खलास, मिस्त्री," एवढंच हळू म्हणाला आणि दादाला स्वतःच्या गाडीत बसवलं.

क्रेन मिळायला काही दिवस गेले. लाँच उचलण्याआधी रिकामी करायची म्हणून आम्ही दोघे बादल्या घेऊन गेलो. ओहोटीला सगळं पाणी उपसलं. भरती आली, लाँच चिखलातून सुटून तरंगली. मी बादली हातात धरून वाट बघत होतो. पाणी आलं नाही. फुगलेल्या फळ्या एकमेकींना घट्ट बसल्या होत्या.

दादा गुडघ्यांवर बसून तळावरून हात फिरवू लागला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मला हात दाखवला. कोरडा होता.

"आता नेता येईल रे हिला," तो म्हणाला.

समोरच्या किनाऱ्यावर कुणी नव्हतं, झेंडेसुद्धा काढून झाले होते. दादाचं गावी परतायचं तिकीट शुक्रवारचं होतं. क्रेनवाला काठावरून हाका मारत होता आणि दादा लाँचमधून उतरत नव्हता.