आप्पांची पुस्तकं लिहिणारी

धाकटीच्या ऑफिसात मी संगणकावर पुस्तकांची पानं लावायचं काम करते. ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत जाहिरातींचं काम चालायचं, आतल्या खोलीत पुस्तकांचं. आणि बाहेरची खोली आतलीला पोसते, हे तिने मला पहिल्याच दिवशी हसत सांगून टाकलं होतं. दवाखान्यांची पत्रकं, नव्या इमारतींचे फलक, शिकवणीच्या जाहिराती, हे सगळं उरकून उरलेल्या वेळात ती नव्या लेखकांचे कथासंग्रह काढायची. ते कुणी घेत नसे. कपाटावर, टेबलाखाली, मोरीच्या दाराशी गठ्ठे रचलेले असत. "आपल्याकडे वाचक कमी, पण बसायला जागा भरपूर," असं म्हणत ती आलेल्याला गठ्ठ्यावरच बसवायची.

दोन बहिणींतली लहान म्हणून घरचे तिला धाकटी म्हणत, आणि ते नाव जिने चढून ऑफिसातही आलं. ती स्वतःही गोष्टी लिहायची. तिचा पहिला संग्रह जवळजवळ तयार होता.

तेवढ्यात गादीवाला आला. त्याचा गाद्यांचा कारखाना होता आणि गिऱ्हाइकाला गादीबरोबर फुकट द्यायला त्याला एक छोटं पुस्तक हवं होतं, झोपण्याआधी वाचायच्या शहाणपणाच्या गोष्टींचं. धाकटीने ते भराभर लिहून दिलं. मजकूर वाचून तो खूश झाला, पण लेखिकेच्या नावाशी येऊन अडला.

"झकास आहे. पण तुमचं नाव नको. तुमचं वय काय, बोलताय काय! इथे पिकल्या केसांचा माणूस पाहिजे."

"तो मी कुठून आणू?"

"ते तुम्ही बघा. जाहिरात तुम्ही करता."

तिने तो घरातूनच आणला. तिचे वडील बुटांच्या दुकानात विक्रेते होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. अबोल माणूस. घरात त्यांना कुणी फारसं काही विचारत नसे, आणि तेही आपणहून सांगत नसत. पांढरी दाढी मात्र अशी, की समोरच्याचा आवाज आपसूक खाली यावा. धाकटीने त्यांना खिडकीशी बसवून फोटो काढला, पुस्तकावर नाव घातलं 'आप्पा', आणि खाली ओळ लिहिली: आयुष्यभर माणसं वाचत आलेला माणूस.

"अगं, मी माणसं कुठं वाचली?" वडील म्हणाले. "मी त्यांच्या पायांची मापं घेतली."

"तेच ते, बाबा. तुम्ही खालून वाचली."

आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

गाद्या किती खपल्या ते गादीवाल्याला माहीत. पुस्तक मात्र लोक गादीशिवाय, नुसतंच मागायला लागले. ज्या वितरकाने आमच्या कथासंग्रहांचे गठ्ठे दोरीसुद्धा न सोडता परत पाठवले होते, तो आता फोन करून विचारू लागला, "आप्पांचं पुढचं कधी?" पुढचं आलं, त्याच्या पुढचंही आलं. मग लोकांना आप्पा डोळ्यांनी बघायचे होते, म्हणून सभागृहं घेतली. भाषण धाकटी लिहायची, वडील पाठ करायचे. अडखळतील असं वाटलं होतं. पण माइकसमोर त्यांचा आवाज असा काही लागला, की मागच्या रांगेत उभं राहून मीच डोळे पुसले. आणि तो मजकूर मी स्वतः तपासलेला होता!

बघता बघता जाहिरातींचं जुनं काम सुटलं. आता आप्पांची दिनदर्शिका, आप्पांची रोज सकाळची ओळ, आप्पांना आलेल्या प्रश्नांची उत्तरं. त्या कामाला माणसं ठेवली, त्यांचे संसार आप्पांवर चालू लागले. एका दुपारी धाकटीने स्वतःची अर्धवट गोष्ट पुरी करायला घेतली आणि थोड्या वेळाने कागद माझ्यापुढे टाकला.

"वाच."

गोष्टीतली कॉलेजातली मुलगी आपल्या मित्राला म्हणत होती, "बाळा, थांबणं हेसुद्धा चालणंच असतं."

मला हसू आवरेना. धाकटी हसली नाही. "मला दुसरं काही येईनासंच झालंय गं," ती म्हणाली.

त्या दिवशी मी तिच्या घरी जेवायला होते. जेवताना तिने विषय काढला. "बाबा, आप्पांना आता निवृत्त करूया."

"का? माझं काही चुकतंय का?"

"तुमचं नाही."

वडील ताटाकडे बघत राहिले. "दुकानात गिऱ्हाईक समोर बसायचं, ते आपल्या पायाकडं बघायचं, नाहीतर आरशात. माझ्या तोंडाकडं कुणी बघितलं नाही. आता बघतात." एवढं लांब बोलणं मी त्यांच्या तोंडून, मंच सोडून, प्रथमच ऐकलं.

धाकटीची आई म्हणाली, "हल्ली घरातही आप्पाच असतात. काल मीठ मागितलं, तर जगण्यात चव कुठून येते ते सांगत बसले."

सगळे हसले, आणि विषय तिथेच राहिला.

पुढच्याच आठवड्यात एक बाई ऑफिसात आली. शाळेत शिकवणारी होती. हात प्लास्टरमध्ये, काखेत आप्पांचं पुस्तक. नवरा मारायचा म्हणून ती माहेरी निघून आली होती. मग पुस्तकात 'सहन करणाऱ्याचं घर टिकतं' असं वाचलं आणि परत गेली. त्यानंतरचं प्लास्टर सांगत होतं. ती तक्रार करायला आलीच नव्हती. आता पुढे काय करू, हे तिला आप्पांना विचारायचं होतं.

धाकटीने त्या बाईला पाणी दिलं, ओळखीच्या वकीलबाईंचा नंबर दिला, आणि हात धरून म्हणाली, "परत जाऊ नका. कुणी काहीही म्हणो."

"ते तुम्ही म्हणताय, ताई. आप्पा काय म्हणाले असते?"

धाकटी उठली आणि आतल्या खोलीत गेली. आत कुणीच नव्हतं. बाहेर येऊन ती म्हणाली, "आप्पांशी बोलले मी. ते म्हणाले, लेकी, त्या घरात पाऊल टाकायचं नाही."

बाईने डोळे पुसले, मान हलवली आणि वकीलबाईंकडे गेली. धाकटी बराच वेळ मोरीत जाऊन तोंड धूत होती.

त्यानंतरच्या कार्यक्रमात आप्पांची ओळख करून द्यायला ती मंचावर गेली आणि ओळख करून दिलीच नाही. "ही पुस्तकं माझ्या वडिलांनी लिहिलेली नाहीत," ती म्हणाली. "मी लिहिते. सहन करणाऱ्याचं घर टिकतं, हे वाक्य माझं आहे. ते चूक आहे. कृपा करून तसं वागू नका."

सभागृहात चुळबुळ सुरू झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "काय चाललंय काय?" तेवढ्यात वडील खुर्चीतून उठले, माइकपाशी आले, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बापाची चूक लेक स्वतःच्या डोक्यावर घेते. याहून मोठं पुस्तक मी काय लिहिणार?"

लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पहिल्या रांगेतल्या बायका रडत होत्या. धाकटी माइकमध्ये "नाही, ऐका, खरंच" म्हणत होती, ते मला फक्त तिच्या ओठांवरून कळलं.

परतताना गाडी मी चालवत होते. मागच्या सीटवर बापलेक. वडील म्हणाले, "मला तसं म्हणायचं नव्हतं. लोक तुझ्यावर ओरडायला लागले आणि माझ्या तोंडातून निघून गेलं."

"छान होतं, बाबा," ती म्हणाली. "मला नसतं सुचलं."

त्या प्रसंगाचा व्हिडिओ घरोघरी पोहोचला आणि वितरकाने मागणी वाढवली. पुढच्या आवृत्तीतून धाकटीने ते वाक्य काढून टाकलं. त्यावर कुणीही काही विचारलं नाही. आता ती प्रश्नांची उत्तरं कुणावर सोडत नाही, एकेक स्वतः लिहिते, वकीलबाईंना आणि डॉक्टरांना विचारून. खाली सही आप्पांची. तिच्या नावाने गेलेलं उत्तर कुणी मानत नाही, हे तिने करून पाहिलं आहे.

यंदा तिचा स्वतःचा कथासंग्रह निघाला. वितरकाची एकच अट होती: मुखपृष्ठावर 'आप्पांची लेक' असं हवं. मला वाटलं, ती संतापेल. तिने माझ्याशेजारी खुर्ची ओढली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"माझं नाव बारीक कर. ही ओळ मोठी. दुकानात लांबून तीच वाचतात."

मी तसं केलं. तिने डोळे बारीक करून बघितलं, जाहिरातीच्या फलकाकडे बघायची तसं.

"अजून थोडी मोठी," ती म्हणाली, आणि आत गेली. वडील रविवारचं भाषण पाठ करायला येऊन बसले होते.