वीस किलो उतरवून या

"पुढं सरका, पुढं सरका. लय जागा हाय. जागा मनात पायजे!"

असं म्हणत आण्णा तिकिटांना भोक पाडायचा चिमटा गाडीच्या खांबावर दोनदा वाजवत, आणि सगळी माणसं निमूटपणे एकमेकांच्या अंगावर सरकत. सरकत नसत ते एकटे आण्णाच. त्यांना सरकायला वाव नव्हता. दारापासून दुसऱ्या बाकापर्यंत त्यांचं राज्य. त्यापुढे दोन्हीकडच्या बाकांमधून त्यांचं पोट जात नसे. मग मागच्या माणसांचे पैसे हातोहात पुढे येत आणि तिकिटं हातोहात मागे जात. पाचपन्नास हातांतून गेलेलं तिकीट कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

सांगलीहून पलूसवरून म्हसवडला जाणारी ती सकाळची लाल गाडी. मी पलूसच्या शाळेत मास्तर होतो आणि रोज सांगलीहून त्याच गाडीनं जायचो. जाडे कंडक्टर तुम्हीही पाहिले असतील. पण एकशे सोळा किलोचा आणि तरीही कुणावर न खेकसणारा कंडक्टर पाहिला असेल, असं वाटत नाही.

आण्णा जैन. सूर्य बुडाल्यावर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत. पण सूर्य बुडेपर्यंत मात्र एक मिनिट वाया घालवायचे नाहीत. प्रत्येक थांब्यावर त्यांचं काहीतरी ठरलेलं असे. इथं मिरचीची भजी, तिथं केळ्याची, पुढं कुठं तरी बासुंदीची वाटी. मी एकदा म्हटलं, "आण्णा, तुमच्या धर्मात तर दहा-दहा दिवसांचे कडक उपास असतात म्हणे."

"असत्यात की गुरुजी. पर आमच्या घरातले सगळे उपास आमच्या आईनंच करून टाकले. माज्या वाटणीला काय ठेवलंच न्हाई बघा."

त्यांच्या बेंबीशेजारी एक गाठ होती. आंब्याएवढी. शिंकले, खोकले, की बाहेर यायची. मग ते खिडकीकडे तोंड करून ती हळूच आत दाबायचे आणि पुन्हा तिकिटं फाडायला लागायचे. एक दिवस ती लवकर आत जाईना. आण्णांच्या कपाळावर घाम आला, चेहरा पांढरा पडला. शेवटी गेली आत. पण ड्रायव्हरनं आरशातून सगळं पाहिलं होतं.

ड्रायव्हर फौजेतून आलेला, माण तालुक्यातला. सगळे त्याला हवालदारच म्हणत. त्यानं दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि आण्णांना दंडाला धरून मिरजेच्या डॉक्टरांकडे नेलं. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेलो.

डॉक्टर कमी बोलणारे होते. "हर्निया आहे. ऑपरेशन करावं लागेल. पण आत्ता नाही. एवढ्या चरबीत टाके धरणार नाहीत आणि भूल देण्यातही धोका आहे. वीस किलो उतरवून या."

"वीस?" आण्णा म्हणाले. "सायेब, पेपरात आलंय, अमेरिकेत म्हणं आतडंच कापून ल्हान करत्यात. मग माणूस आपोआप वाळतो. पोट उघडणारच हाय तुमी, तर तेवढं एक करून टाका की."

"इथं तसं करत नाहीत. आणि आतडं लहान केलं, तरी जीभ तेवढीच राहते," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला. "हसण्यावारी नेऊ नका. गाठ आत जातेय तोवर ठीक आहे. ज्या दिवशी अडकेल, त्या दिवशी मला तुम्हाला वाचवता येईलच असं नाही."

डेपोच्या साहेबांनी आणखी एक सांगून ठेवलं: तब्येत सुधारली नाही, तर गाडीवरून काढून कायमचं खुर्चीवर बसवणार. हे ऐकून मात्र आण्णा हादरले. "खुर्चीवर काय करू गुरुजी? खुर्ची कुठं जातीया का?"

मग हवालदारानं कारभार हाती घेतला. थांब्या-थांब्यावरच्या हॉटेलवाल्यांना त्यानं दम भरला, "आण्णाला भजं दिलं, तर गाडी तुझ्या दारात थांबायची न्हाई." रेल्वेचं फाटक बंद असलं की तो आण्णांना खाली उतरवी आणि गाडीभोवती फेऱ्या मारायला लावी. "दाया बाया! दाया बाया!" म्हसवडची बांगड्या विकणारी म्हातारी खिडकीतून फेऱ्या मोजायची. मालगाडी असली की सात व्हायच्या, पॅसेंजर असली की चार. मालगाडी दिसली की गाडीतली पोरं टाळ्या पिटत आणि आण्णा इंजिनाकडे अशा नजरेनं बघत, की त्याला काही मन असतं तर ते उलटं फिरलं असतं.

महिना झाला. आण्णांनी बाहेरचं सगळं सोडलं, पट्टा खाकी शर्टावर घट्ट ओढला आणि आम्ही पुन्हा मिरजेला गेलो. आण्णा काट्यावर चढले.

एकशे सतरा.

डॉक्टरांनी काटा तपासला. स्वतः चढून पाहिलं. काटा बरोबर होता. मग त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दुसऱ्या दिवशी फाटक बंद होतं. हवालदारानं इंजिन थांबवलं, मागं वळला आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलं, "आण्णा, खरं सांग. कोण देतंय तुला खायला?"

आण्णा खाली मान घालून उभे. शेवटी ती बांगडीवाली म्हातारी उठली. "आवं, मी एक चिक्कीचा तुकडा देती रोज. एवढासा. दमून येतंय बिचारं फेऱ्या मारून."

मग दूधवाला बोलला, "मी कपभर दूध. दुधानं काय हुतंय?"

त्याच्या मागून कुणीतरी खजूर कबूल केले, कुणी चुरमुऱ्याचा लाडू. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच देतोय. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आमच्या परसातला एक पेरू मी रोज शाळेच्या पिशवीतून आणत होतो. मीही उठलो आणि वर्गात गृहपाठ न केलेल्या पोरासारखं सांगून टाकलं.

"गुरुजी, तुमीबी?" हवालदार म्हणाला.

तेव्हा आण्णांनी पहिल्यांदा मान वर केली. "आणि तू रं? अर्धी बाजरीची भाकरी आणि बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी रोज कोण आणतंय? सांग की गड्या."

हवालदार पुढं वळला. फाटक उघडलं नव्हतं, तरी त्यानं इंजिन सुरू केलं.

संध्याकाळी मी आणि हवालदार आण्णांच्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगितलं. बाई बारीक, काटक, बोलायला सरळ. त्यांनी ऐकून घेतलं आणि खाली बघत म्हणाल्या, "मीबी भाकरीला आतनं तूप लावत हुते. कोरडी घशात अडकंल म्हणून." मग पदर खोचला. "उद्यापासनं मी येती गाडीत."

आणि खरंच आल्या. दाराजवळच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "एक म्हसवड द्या."

"अगं, तुला कशाला तिकीट?"

"का? घरचं माणूस फुकट न्हेऊन नोकरी घालवायचीया?"

आण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोला तिकीट फाडून दिलं. ते त्यांनी इतक्या अदबीनं दिलं की सगळी गाडी हसली.

साडेतीन महिने वहिनी त्या गाडीनं फिरल्या. डब्यात एक भाकरी, उकडलेला दुधी आणि ताक. त्यांच्यादेखत कुणाची पिशवीत हात घालायची छाती होत नव्हती. स्वतःही त्या तेवढंच खात. मी एकदा म्हटलं, "वहिनी, तुम्हाला कशाला हे पथ्य?" तर म्हणाल्या, "समोर बसून मी पोळी खाऊ व्हय?" आण्णांना वाईट दिवस आले. एकदा दुधी पाहून ते म्हणाले, "गुरुजी, ह्या भाजीला चव नसती असं न्हाई. हिला चवीचा रागच हाय." पण पोट उतरू लागलं. पट्ट्याला नवीन भोकं लागली, ती ते तिकिटाच्या चिमट्यानंच पाडायचे. दरवेळी सगळ्या गाडीला दाखवून.

शेवटच्या वजनाला काटा शहाण्णववर थांबला. डॉक्टर म्हणाले, "सोमवारी दाखल व्हा." दुसऱ्या दिवशी फाटकापाशी मालगाडी नसताना आण्णांनी दोन फेऱ्या जास्त मारल्या.

ऑपरेशनच्या दिवशी मी रजा घेतली. हवालदाराची ड्युटी होती. बाहेरच्या बाकावर मी आणि वहिनी. एक तास गेला, दीड गेला. वहिनींच्या हातात जपमाळ होती, पण मणी पुढे सरकत नव्हते.

"गुरुजी," त्या एकदम म्हणाल्या, "मी लय उपाशी ठेवलं हो त्यांना. आज काय बरंवाईट झालं, तर माणूस उपाशीच गेला म्हणायचा. एक दिवस पोटभर घालायला पायजे हुतं."

मी उठून त्यांना पाण्याचा पेला आणून दिला.

तेवढ्यात दार उघडलं आणि एक नर्सबाई तोंडावर हात धरून बाहेर आली. हसू आवरत नव्हतं. "यांचं कोण आहे? सगळं नीट झालंय. भूल उतरतेय, पण सारखे 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणताहेत. डॉक्टरांनाही ढकललं."

वहिनी हसल्या, आणि हसता हसता त्यांना जे रडू फुटलं, ते बराच वेळ थांबलं नाही.

पुढचे आठ-दहा दिवस आण्णांना हसायची बंदी होती. टाक्यांना ओढ बसते. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची. हे नियम त्या माणसाला पाळता आले असते, पण हवालदार सुट्टीच्या दिवशी अर्धी गाडी घेऊन भेटायला आला. दूधवाला, बांगडीवाली, सगळे खाटेभोवती. सगळे आपले रिकामे तळहात पुढे करून उभे, कुणाकडं काही नाही हे दाखवायला. ते पाहून आण्णांनी उशी दाबली आणि "आई गं" म्हणत हसले. नर्सबाईंनी सगळ्यांना हाकललं.

पहिल्यांदा तांदळाची पेज मिळाली, तेव्हा मी तिथं होतो. वहिनींनी चमच्यानं भरवली. आण्णांनी ती तोंडात बराच वेळ घोळवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "मीठ कमी हाय."

वहिनींनी मला सांगितलं, "आता बरं हुणार."

तीन महिने जड उचलायचं नाही, म्हणून साहेबांनी त्यांना चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथं त्यांनी वेळापत्रकाचं मातेरं केलं. कुणी पाचगणीची गाडी विचारली की ते वेळ सांगत आणि पुढे कुठल्या स्टँडवर काय खावं आणि काय खाऊ नये, हेही सांगत. रांग वाढायची, हवी ती गाडी निघून जायची, पण जी माणसं ऐकत ती तृप्त होऊन पुढच्या गाडीला थांबत. शेवटी साहेबांनीच डॉक्टरांच्या मागे लागून लवकर दाखला आणवला, असं डेपोत म्हणतात.

आण्णा गाडीवर परत आले तो दिवस. चिमटा वाजवला, एक दीर्घ श्वास घेतला आणि बाकांमधून चालू लागले. तिसरं बाक, चौथं, पाचवं. सगळी गाडी श्वास रोखून बघत होती. ते थेट शेवटच्या बाकापर्यंत गेले. तेरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

तिथं कोपऱ्यात एक पागोटेवाले आप्पा बसले होते. आण्णांना पाहून ते असे दचकले, जणू भिंतच चालत आली.

"आप्पा, तिकीट?"

आप्पांनी पागोटं नीट केलं. मग म्हणाले, "तुमी हितवर कवा येत नव्हता."

"व्हय. किती वर्सं?"

"झाली असतील सा-सात."

आण्णांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडं पाहिलं. "चूक माजीच की," ते म्हणाले. "आजपासनं काढा म्हंजे झालं."

पुढे मी बढतीवर साताऱ्याला गेलो. पत्रं होती, मग तीही विरळ झाली. चार-पाच वर्षांनी पलूसला एका लग्नाला आलो, तेव्हा कळलं की वहिनी गेल्या. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. आण्णा नोकरी सोडून गावाकडच्या घरी राहत होते. लग्न सोडून मी तिकडं गेलो.

दारात एक हडकुळा माणूस उभा होता. मी त्यालाच विचारणार होतो, आण्णा आहेत का. शर्ट खांद्यावरून ओघळत होता, गळ्याची कातडी सैल झाली होती.

"या गुरुजी," तो म्हणाला.

आम्ही ओसरीवर बसलो. आण्णांनीच सुरुवात केली. "बघितलं का? डाक्टरनं वीस सांगितलं, तर सगळी गाडी कामाला लागली हुती. आता कुणी सांगितलं न्हाई, तरी तीस उतरलं." हसले. उशी दाबावी लागली नाही. "भाकरी करतो मी. येती मला. पर एकट्याला गिळवत न्हाई हो."

संध्याकाळच्या गाडीला ते मला पोचवायला आले. झपाझप चालत होते आणि मी मागून धापा टाकत होतो. साताऱ्यात माझं पोट सुटलं होतं. फाट्यावर पोचल्यावर त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं, अगदी त्या मिरजेच्या डॉक्टरांसारखं, आणि माझ्या पोटावर तळहात ठेवला.

"गुरुजी, हे बरं न्हाई. घरात सांगणारं माणूस हाय, तवर ऐकून घ्या."

गाडी आली. मी चढलो, खिडकीपाशी बसलो. आण्णा रस्त्याच्या कडेला उभे होते. वाऱ्यानं त्यांचा शर्ट फुगला होता, आणि गाडी वळणाला लागेपर्यंत लांबून तरी ते पूर्वीसारखेच दिसत होते.