दही लागेपर्यंत

किस्से काही ठरवून जमवता येत नाहीत हो, स्वयंपाकघरातल्या पिशव्यांसारखे आपोआप साठतात! आमच्या अंबरनाथच्या फॅक्टरीनं हिमाचलात, सोलनजवळ, नवा प्लांट काढला आणि आमच्या तीन घरांची तिकडे बदली झाली. आता सुट्टीत अंबरनाथ पूर्वेला आले की मैत्रिणी चहा गाळायच्या आधीच म्हणतात, "हं, सुरू कर!"

सगळ्यांना वाटतं, जानेवारीत हाल झाले असतील. छे! जानेवारीत हीटर असतो, माणूस तयारीत असतो. आमची फजिती केली ती ऑक्टोबरनं आणि मार्चनं.

*

खरेदी अर्थातच उल्हासनगरला. आमच्यातला सावंत तिथलाच, सिंधी शेजाऱ्यांत वाढलेला. "आपल्या ओळखीचं दुकान आहे, चला!"

सप्टेंबरची दुपार, दुकानात एकच पंखा, आणि सावंत जाडजूड जॅकेट घालून आरशासमोर उभा. कपाळावरून नुसत्या धारा! म्हणाला, "शेठ, इसमें तो मैं मर जाएगा!"

शेठ गल्ल्यावरून हललासुद्धा नाही. "साईं, पसीना आया ना? मतलब माल असली है!"

आम्ही सगळ्यांनी घेतली.

*

आमच्या ह्यांनी मात्र जॅकेट बॅगेच्या तळाशी घातलं. "ऑक्टोबर आहे. हीट असणार."

"अहो, ती आपल्याकडे!"

"ऑक्टोबर सगळीकडे ऑक्टोबरच."

सोलनला संध्याकाळी पोचलो. हे हाफ शर्टात ऐटीत गाडीतून उतरले आणि तेवढ्याच वेगानं परत आत येऊन बसले. ड्रायव्हर म्हणाला, "क्या रह गया, साहब?"

हे कुडकुडत म्हणाले, "अंबरनाथ!"

*

दुसऱ्या दिवशी सावंत प्लांटच्या गेटवर हात चोळत वॉचमनला म्हणाला, "भैया, बहुत ठंडी बज रही है!"

वॉचमन रिटायर्ड फौजी. ताडकन उठला, आत धावला, अलार्मचं पॅनल तपासून धापा टाकत परत आला. "नहीं साहब, कुछ नहीं बज रहा!"

*

तिसरं घर पाटलाचं. पाटील बदलापूरजवळच्या सोनिवलीचा, आगरी. त्याची बायको मनीषा माझ्याबरोबर लॅबमध्ये. त्यांचा मुलगा वेदू लहान, म्हणून सांभाळायला पाटलाच्या आई आल्या. आल्या आल्या बजावलं, "मन लागला तर राहीन. नाय लागला तर आपला घर बरा!"

आई गेल्या की मनीषाची नोकरी गेली, हे सरळच होतं. आणि लॅबमधली माझी एकुलती एक मैत्रीण! त्यामुळे आईंचं मन रमवणं हा आमच्या सगळ्यांचाच प्रोजेक्ट झाला. मनीषानं त्यांना लाल स्वेटर आणि माकडटोपी आणली. आईंनी दोन्ही कपाटात कोंबली. "मी काय माकड हाय?"

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला त्यांनी खोबरेलाची बाटली उपडी केली. थेंब पडेना! तेल मेणासारखं गोठलेलं. झालं, आई बाटली घेऊन थेट दुकानात. "भेसल हाय यात! मेन भरलाय मेन!"

दुकानदाराला मराठीचं ओ की ठो कळेना. घाबरून त्यानं दुसरी बाटली दिली. तीही गोठलेली. तिसरीही. आई घरी येऊन पाटलाला हळूच म्हणाल्या, "अख्खा गाव सामील हाय रं!"

*

मार्चमध्ये होळी. आपल्याकडे होळीपाशी जरा उभं राहिलं की अंग भाजतं, प्रदक्षिणा घालायची आणि मागं सरायचं. इथं प्रदक्षिणा संपल्या तरी कुणी जागचं हलेना! आईंनी नारळ टाकला, पोळीचा नैवेद्य दाखवला आणि खुर्ची ओढून तिथंच बसल्या. सावंत तर शेकत शेकत इतका पुढं सरकला की जॅकेटची बाही वितळली.

आमचे हे म्हणाले, "असली माल!"

*

पण आईंचं खरं दुखणं होतं दही. हिवाळ्यात हीटरपाशी ठेवलं की लागायचं. मार्च आला आणि आईंनी हीटर बंद केला. "मार्चात कोन हीटर लावतो?" तेव्हापासून रोज सकाळी झाकण काढावं तर आत दूधच! त्या कंटाळल्या. "दही लागत नाय, डोला लागत नाय, मग मन कसा लागंल?" आणि एक दिवस जाहीरच केलं, पाडवा सोनिवलीला.

पाटलानं मुकाट्यानं तिकीट काढलं. मनीषानं साहेबांना सांगून टाकलं, महिनाअखेरीला सोडते. लॅबमध्ये तिच्याकडे पाहिलं की मला फार वाईट वाटायचं.

निघायच्या सकाळी टॅक्सी दारात, बॅगा बाहेर, आम्ही सगळे निरोपाला. वेदूनं आजीचा पदर घट्ट धरलेला. निघणाऱ्याच्या हातावर दही द्यायचं म्हणून मनीषा स्वयंपाकघरात गेली, तिच्या मागोमाग मी. ओट्यावर पातेलं नाही! शोधतोय तर कोपऱ्यात, तांदळाच्या डब्यामागं, आईंचा लाल स्वेटर बसलेला. वर माकडटोपी! आणि आत पातेलं! वेदूला दहीभात मिळावा म्हणून आईंनी जाता जाता विरजण लावून त्याला कपडे घातले होते.

मनीषाला हसू आणि रडू एकदमच आलं. ती पातेलं उचलायला वाकली, तशा आई चपलांसकट आत धावल्या. टोपी काढली, झाकण जरासं वर केलं, बोटही न लावता नुसतं निरखून पाहिलं. मग पातेल्याला परत टोपी घातली.

"हलवू नको गो! आत्ता कुठं लागतंय."

"पण आई, टॅक्सी..."

"हातावर दही नाय आन् मी निघू? त्याला सांग, जा म्हनावं."

पाटलानं बाहेरूनच विचारलं, "मग उद्याची बोलवू का?"

आई चपला काढत म्हणाल्या, "सांगितला ना, लागताना हलवायचा नसतो!"