शुद्ध मराठीतलं गृहकर्ज

सिंगापुरात मराठी बोलणं म्हणजे दार लावून बोलणं, असं आम्ही नवराबायको कित्येक वर्षं धरून चाललो होतो. एमआरटीच्या गाडीत समोरच्या बाईच्या केसांचा रंग, लिफ्टमध्ये शेजाऱ्यानं मारलेलं अत्तर, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यापुढच्या रांगेत घुसलेला कुणीतरी, सगळ्यांवर आम्ही भर गर्दीत मोठ्यानं ताशेरे मारायचो आणि चेहरे मात्र साळसूद ठेवायचो. हिंदीची तशी चोरी, ती पुष्कळांना कळते. मराठी कोणाला कळणार?

आणि माझी मराठी तर विचारूच नका. मी पुण्याचा. आमच्या मुलीच्या वाक्याच्या शेवटी इथला सिंगापुरी 'ला' आला की मी तिला अख्खं वाक्य पुन्हा म्हणायला लावतो. ऑफिसातल्या मराठी मित्रांचे 'न' आणि 'ण' मी जेवता जेवता दुरुस्त केलेले आहेत. ते हसून घ्यायचे. मला वाटायचं, आपण भाषेची सेवा करतोय.

घर घ्यायचं ठरलं ते बायकोच्या फोडणीपायी. आम्ही भाड्याची घरं बदलत राहिलो आणि प्रत्येक करारात एक ओळ ठरलेली असायची: स्वयंपाक हलकाच करावा. हलका म्हणजे काय, तर तुमच्या त्या मोहरी-हिंगाचा वास भिंतींना लागता कामा नये. एका घरमालकिणीनं तर घर सोडताना आमचे पडदे नाकाला लावून हुंगले होते. तेव्हापासून बायको खिडक्या उघडून, पंखा सोडून, कोणी बघतंय का अशा बेतानं फोडणी द्यायची. मला ते बघवायचं नाही.

मग बुओना व्हिस्टाजवळ एका जुन्या कॉन्डोतला फ्लॅट बघितला. छोटाच, पण स्वयंपाकघराला स्वतःचं दार आणि ओट्यासमोर मोठी खिडकी. बायको ओट्याशी जाऊन उभी राहिली, नुसतीच. मग म्हणाली, "इथे मिरच्या तळल्या तरी कुणाच्या बापाचं काही जाणार नाही." इतकी खूश मी तिला फार दिवसांत बघितली नव्हती. आम्ही इसार देऊन टाकला. ठरलेल्या मुदतीत बँकेचं मंजुरीपत्र आणायचं, नाहीतर इसारही गेला आणि घरही गेलं.

बँकेची शाखा तांजोंग पगारला. आमचं काम ज्यांच्याकडे होतं ते गृहस्थ निवृत्तीचं वय उलटून गेल्यावरही कामावर ठेवून घेतलेले असावेत. कपाळावर विभूतीची पुसट रेघ, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. आम्ही बसलो तेव्हा ते फोनवर कुणाशी तरी तमिळमध्ये बोलत होते. आमच्याशी मात्र सिंगापूरच्या वळणाचं स्वच्छ इंग्रजी. झालं, आमच्या दृष्टीनं ते अण्णा झाले.

पहिल्याच दिवशी त्यांचा संगणक अडकला. वेळ जाईना म्हणून मी बायकोला ऑफिसात नवीन आलेल्या सोलापूरकडच्या मुलाची नक्कल करून दाखवली. त्याचे हेल, त्याचं 'की बे', सगळं. "ह्याला काय मराठी म्हणायचं?" मी म्हटलं. बायको तोंडावर हात धरून हसली. गृहस्थांनी मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा संगणकाकडे वळले. मला वाटलं, आवाज कमी करा म्हणणार असतील.

मग सुरू झाली रखडपट्टी. आमचं पुण्यातल्या एका फ्लॅटचं कर्ज होतं, ते फिटून जमाना झाला. पण ते फिटल्याचं पत्र हवं. पुण्यातली बँक म्हणे, फाइल दुसऱ्या शाखेत गेली. दुसऱ्या शाखेतले साहेब रजेवर. मावसभावानं हेलपाटे घालून पत्र मिळवलं, तर तोवर इथे दिलेल्या पगाराच्या स्लिपा शिळ्या झाल्या. नव्या दिल्या, तर पुण्याच्या पत्रावरची माझी सही पासपोर्टशी जुळेना. मुदत संपत आली. विकणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याच्या हातापाया पडून ती वाढवून घेतली. पुन्हा वाढवणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

ह्या सगळ्यात माझं डोकं फिरायला वेळ लागत नसे. त्या टेबलासमोर बसून, चेहऱ्यावर हसू ठेवून, मी बायकोशी काय काय बोललो! "अण्णाचं इडलीचं पीठ अजून आंबलेलंच नाही वाटतं." "ह्याला घरी पाठवायचं सोडून इथे कशाला बसवलाय?" आणि दर वेळी हे एक असायचंच: "आम्हाला काय चोर समजतात का?" ते शांतपणे कागद लावत असायचे. कधी आमच्यासाठी आतून पाणी आणायचे. घरी 'पीठ आंबलं का?' हा तर आमचा परवलीचा शब्द झाला होता.

आणि अशात एक दिवस माझ्या वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात मला एका छोट्या खोलीत बोलावलं. साहेब होते आणि मनुष्यबळ विभागातली एक बाई होती. तिनं पाण्याची बाटली आधीच उघडून माझ्यापुढे ठेवली होती. तेवढ्यावरूनच मी काय ते समजलो. माझी जागा राहणार नव्हती. चालू महिन्याचा पगार, वर थोडा मोबदला, आणि शुभेच्छा.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती खाली बसली. म्हणाली, "बँकेला सांगायला हवं."

"वेड लागलंय का तुला? पगार अजून चालू आहे."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"पुढचं पुढे. मिळेल की दुसरी."

दुसऱ्याच दिवशी बँकेतून फोन आला. इतके आठवडे जे अडलं होतं ते सुटलं होतं. कर्ज मंजूर झालं होतं, दोघांनी येऊन सह्या करायच्या होत्या. गृहस्थांच्या आवाजातही आनंद होता. वरच्यांशी भांडून मुदतीच्या आत बसवलं, म्हणाले.

आम्ही गेलो. कागद नीट लावून ठेवलेले, जिथे सही करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या. पेन देण्याआधी त्यांनी नेहमीच्या सुरात विचारलं, अर्ज केल्यापासून आपल्या नोकरीत काही बदल?

बायको माझ्याकडे वळली. "सांग ना," ती म्हणाली.

मी हसरा चेहरा तसाच ठेवला. "गप्प बस. ह्याला काय कळतंय? एकदा सह्या झाल्या की कोण विचारायला येणारे?"

"अरे, हे खोटं आहे. उद्या हप्ता कुठून भरणार आपण?"

"तुला घर हवंय की नको? मग तोंड बंद ठेव आणि सही कर." आणि त्यांच्याकडे वळून मी इंग्रजीत म्हणालो, "काहीही बदल नाही."

त्यांनी पेन माझ्यापुढे केलं नाही. चष्मा काढला, पुसला. मग पुन्हा विचारलं, तेच शब्द, पण हळू. सर, नोकरीत काही बदल?

आता वाटतं, माणूस किती वाट बघत होता. त्यानं दार उघडून धरलं होतं, मी फक्त बाहेर यायचं होतं. पण मी चिडलो. एकच प्रश्न किती वेळा! "नाही म्हणून सांगितलं ना," मी आवाज चढवून म्हटलं.

तेव्हा ते माझ्याकडे न बघता बायकोकडे वळले. आणि मराठीत बोलले. म्हणजे, मला ती मराठी आहे हे कळायलाच वेळ लागला. हेल तमिळ, शब्द जुने, कुठल्या कुठे ठेवलेले. सगळं मला आठवत नाही. "मज कळतें," हे मात्र लख्ख आठवतं. मग अडखळत, काही मराठीत आणि अडलं की इंग्रजीत, त्यांनी तिला सांगितलं की ते मूळचे तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच. घरात आजीपासून हीच भाषा. आता बोलायला कुणी उरलं नाही. "पहिल्या दिवशीच बोलणार होतो," ते म्हणाले. "पण तुमची मराठी पुण्याची. आमची अशी. लाज आली."

लाज त्यांना आली होती.

अण्णा, पीठ, म्हातारा, घरी पाठवा. एकेक शब्द आठवत गेला. त्या सोलापूरच्या मुलाची नक्कल आठवली, आणि त्यांनी उघडून मिटलेलं तोंडही. सगळं ऐकूनही हा माणूस आमच्यासाठी आतून पाणी आणत होता, आमच्या मुदतीसाठी वरच्यांशी भांडत होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण सहज म्हणतो. मला खरंच तिथून नाहीसं व्हायचं होतं.

मी तोंड उघडलं, पण बोलली बायकोच. तिनं त्यांना माझी नोकरी गेल्याचं सांगितलं. मराठीत, साध्या शब्दांत, त्यांना कळेल अशा बेतानं सावकाश. त्यांनी मान हलवली. पिवळ्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या. मग मला इंग्रजीत म्हणाले, सर, अर्ज तुम्ही स्वतः मागे घेतलात अशी नोंद करतो, म्हणजे पुढे तुम्हाला अडचण येणार नाही.

घर गेलं, इसार बुडाला. परतताना एमआरटीत बुओना व्हिस्टा आलं तशी बायकोनं मान दुसरीकडे वळवली.

पुढे मला नोकरी मिळाली, आधीपेक्षा लहान. घर अजून भाड्याचंच आहे, करारात ती ओळही आहे. पण त्या माणसाची माफी मागायची राहिली होती आणि ते मला सारखं खात होतं. आधी वाटलं, चार ओळी लिहून पाठवाव्यात. मग लक्षात आलं, देवनागरी त्यांना वाचता येते की नाही हेसुद्धा मला माहीत नाही. शेवटी धीर करून फोन लावला. मनात घोकून ठेवलं होतं तसं म्हणालो, "काका, मी तुमच्याशी फार वाईट वागलो. मला माफ करा."

पलीकडून इंग्रजीत उत्तर आलं, अगदी अदबीनं. काही हरकत नाही, सर. नोकरीत स्थिरस्थावर झालात की जरूर पुन्हा अर्ज करा. मी परत मराठीत बोललो. ते परत इंग्रजीत बोलले. मग त्यांनी विचारलं, मॅडम आहेत का?

मी फोन बायकोच्या हातात दिला. ती वरणाला फोडणी देत होती, तिनं गॅस बारीक केला. पलीकडून त्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण हेल ओळखू आला. ते तिच्याशी मराठीत बोलत होते. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि मग हसली.

"अहो, इतकी छान तर बोलता तुम्ही," ती म्हणाली. "लाजता कशाला?"

मी तिथेच उभा होतो.